मोठ्या उघाडीचा कागद

अण्णा, तुम्ही हेडकारकून, मी तुमच्या हाताखालचा उमेदवार, आणि दुखणं आपलं दोघांचं एकच: दप्तरात कागद असतो, पण हवा तेव्हा हाती लागत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, दुखणं तसंच आहे. आज खारजमिनीच्या शेतकऱ्यांचा संघ नवी कचेरी काढतोय. मंडळी मला विचारतात, "कपाटं किती, खण किती?" आणि मला आपली खाडीकाठची कचेरी दिसते.

बांधबंदिस्तीच्या करारांचे रुमाल, कापडात बांधलेले ते गठ्ठे, तुम्ही भिंतीला ओळीनं टांगत होतात. खाडीच्या तोंडापासून बांधावरून चालत निघालं की पाणी सोडायच्या उघाड्या ज्या क्रमानं लागतात, त्याच क्रमानं. बांधाचा कुठला तुकडा कुठल्या गावानं राखायचा, ते त्या कागदांत. मला तो निव्वळ गबाळेपणा वाटला. दप्तर कसं लावावं याची इंग्रजी पुस्तकं वाचून डोकं तापलेलं. तुम्ही लग्नाला चौलला गेलात आणि चार दिवसांत मी सगळे करार, करणाऱ्यांच्या नावांनी, अकारविल्हे लावून टाकले.

पाचव्या दिवशी उधाणात मोठ्या उघाडीपाशी बांधाला खांड पडली. दोन गावं समोरासमोर उभी. "तुकडा तुमचा." "तुमचाच!" कागद बघितल्याशिवाय चिखलाचं ढेकूळ कुणी उचलीना. जिच्या शेतात खारं पाणी घुसत होतं, ती आगरी बाई धावत कचेरीत येते. मी विचारतो, "करार कुणाच्या नावाचा?"

"नाव? माझे सासऱ्याचे आज्यानं अंगठा दिला असंल, त्याचं नाव कुठशी सांगू? मोठी उघारी हाय ती! सगला गाव वलखतं, तुलाच ठावं न्हाय?"

कागद सापडेपर्यंत दोन भरत्या आत शिरल्या होत्या. तिचं भात करपलं. पुढे तीन पावसाळे त्या जमिनीत काही उगवलं नाही.

तुम्ही परतलात आणि मला एवढंच म्हणालात, "पुस्तकं वाचलीस. बांध चाललास का?" तिला मात्र सांगितलंत, "चूक माझी, बाई."

आता सभांतून मी गर्जतो, "कपाट करण्याआधी कागद मागायला येणाऱ्याला विचारा, तू कसा मागशील! त्याच्या तोंडचा शब्द खणावर लिहा!" टाळ्या पडतात. उद्याही पडतील. खांडीची गोष्ट मी रंगवून सांगतो, पण त्यात चुकणारा कारकून दुसराच कुणीतरी असतो. ती बाई अजून आहे, अण्णा. तिच्या दारावरूनच सभेला जातो. आजवर थांबलो नाही.