पेडण्याच्या बंगल्यातली आमची आई

मी, सुशीला अर्जुन केरकर, वय वर्षे सत्तर, विधवा, राहणार हरमल, तालुका पेडणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझ्यामागची व्यवस्था येथे लिहून ठेवते. मला मूलबाळ नाही. जवळचे म्हणजे धाकटा भाऊ शिवदास टांकेकर आणि त्याची मुलगी रत्ना.

एक. राहते घर, परसातल्या पाच माडांसह, रत्नाला. पुढची खोली तिने खुशाल पर्यटकांना द्यावी.

दोन. माझी आई शांता हिच्या सोन्याच्या कुड्या पेडण्याच्या सरदेसायांच्या बंगल्यातील संग्रहालयास. कारण लिहिते. आई त्या बंगल्याच्या मागीलदारी मासे घालायची. मी नऊ वर्षांची असताना तिथे उतरलेल्या एका पाहुण्या चित्रकाराने तिला तीन दिवस व्हरांड्यात बसवून तिचे चित्र काढले. गावात कुजबुज झाली. बाबांनी तिचे तिथे जाणे बंद केले. पुरे झालेले चित्र तिने कधी पाहिले नाही.

गोवा घटक राज्य झाल्यानंतरच्या वर्षी बंगला लोकांसाठी उघडला. रत्ना मला घेऊन गेली. तिकीट काढून मी पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत शिरले. झुंबरे, चिनी बश्या, पालखी, सरदेसायांच्या पूर्वजांच्या तसबिरी बघत शेवटच्या दालनात आले, तर भिंतीवर आई. माझ्याहून कितीतरी तरुण, हसणारी. खाली पाटी, ‘अनोळखी कोळीण’.

मी बाबुराव सरदेसायांना सांगितले, "ही माझी आवय. शांता तिचें नांव."

त्यांनी अदबीने खुर्ची दिली आणि घरच्यांकडून लेखी मागितले. शिवदासने लिहून दिले की ती आमची आई नव्हे. बाबांची अब्रू भिंतीवर टांगायची नाही, असे तो मला म्हणाला. पुढे पाच वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही.

चित्रात आईच्या कानांत ह्याच कुड्या आहेत. पाटीवर ‘शांता टांकेकर, हरमल’ असे लिहिले तरच त्या द्याव्यात. कोकणीत लिहावे की मराठीत, यावरून कोणी भांडू नये.

तीन. माझ्या नवऱ्याची होडी शिवदासला. ठेवावी की विकावी, त्याने ठरवावे. यंदाच्या चवथीला तो आपणहून घरी आला. काचबिंदूने त्याची नजर गेली आहे. ओट्यावर बसून त्याने त्या चित्राविषयी विचारले, "आवय थंय हासता?"

"हासता," मी म्हटले.

त्याने ते चित्र कधी पाहिले नाही, आणि आता पाहता येणार नाही. रत्नाने आपल्या बापाचा हात धरून त्याला तिथे न्यावे. चित्राला हात लावू नये, असे त्या दालनात लिहिले आहे. त्याला एकदा लावू द्यावा, ही सरदेसायांना माझी विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही: सुशीला अर्जुन केरकर

साक्षीदार: निवृत्ती गावडे, हरमल; अर्चना नाईक, मांद्रे

पेडणे, १५ नोव्हेंबर १९९३