हिरव्याच्या जागी लाल

सोमवार, ४ मार्च

हिरवा लाल फुटला!

संध्याकाळी साडेसातला कारखान्यामागच्या मैदानावर चाचणी होती. नव्या पुलाच्या उद्घाटनासाठी आतषबाजी हवी आहे, त्याचा नमुना — सात गोळे. पाहुणे खुर्च्यांवर. पाचवा वर गेला. हिरवा असायला हवा होता, फुटला लालभडक. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय माहीत! मालकांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "छान फुलला."

पाहुण्यांपुढे सावरून घेत असतील.

मंगळवार, ५ मार्च

सकाळभर प्रयोगशाळेत. हिरव्या रंगाला बेरियम लागतं, लाल रंगाला स्ट्रॉन्शियम. दोन्ही पांढरी पूड, मिठासारखी. नुसतं बघून कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. म्हणून तर गोण्यांना पट्ट्या — एक हिरवी, एक लाल. तारेच्या टोकावर चिमूट चिमूट घेऊन बर्नरवर धरली. लाल पट्टीतली लाल जळाली, हिरवीतली हिरवी. म्हणजे माल ठीक, पट्ट्या ठीक. गोणी उचलणारा हात चुकला.

मिश्रणाच्या शेडमध्ये हात चारच. दोन बाबांचे — छत्तीस वर्षं रंग मिसळतायत. दोन काकूंचे. काकू नात्यातल्या नव्हेत. त्या माल चाळतात, सगळा कारखाना त्यांना काकूच म्हणतो.

दुपारी मालकांनी त्यांना बोलावलं. काकू म्हणाल्या, "झालं असेल माझ्याच हातून." एवढंच! ना रडणं, ना भांडण. बाबा खाली मान घालून उभे. काकूंना घरी बसवलं.

मी अहवालात लिहिलं — माल निर्दोष. माझं काम तेवढंच.

बुधवार, ६ मार्च

चाळणी बंद. शेड फार शांत वाटते.

शुक्रवार, ८ मार्च

बाबांनी मिश्रणाची वही तपासायला आणली. कालचं अख्खं पान लाल शाईत.

"काळं पेन संपलं का, बाबा?"

"काळंच आहे की!"

मी वहीकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. ते पुढचं पान त्याच पेनानं लिहायला लागले होते.

शनिवार, ९ मार्च

मी सात वर्षांची असताना बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला सगळं शिकवलं होतं. सोरा जळणाऱ्याला श्वास पुरवतो. कोळसा जळतो. गंधक आग लवकर धरतं. लोखंडाचा कीस सोनेरी ठिणग्या उडवतो, अॅल्युमिनियम पांढराशुभ्र उजेड पाडतं. आणि तांब्याचा निळा — "भारी नखरेल! जरा जास्त तापला की फिका पडलाच." मी केमिस्ट झाले ती कॉलेजमुळे नव्हे.

आज जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. बर्नर पेटवला. तार धरली.

"हा कुठला?"

"तू केमिस्ट. तू सांग."

"तुम्ही सांगा ना."

ज्योतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "स्ट्रॉन्शियम."

बेरियम होतं. हिरवंगार.

त्यांनीच बर्नर बंद केला आणि दार ओढून घेऊन गेले.

रविवार, १० मार्च

सुट्टी. कपडे धुतले, इस्त्री केली. डोकं थाऱ्यावर नाही.

पुढच्या आठवड्यात रंगीत धुराच्या मालासाठी क्लोरेटची गोणी येणार. तिला काळी पट्टी असते. क्लोरेट आणि गंधक एका घमेल्यात आली तर स्फोटाला काडीही लागत नाही, नुसतं घासलं तरी पुरे. आणि बाबांना लाल काळं दिसतं. म्हणजे काळी पट्टी आणि लाल पट्टी त्यांच्या लेखी एकच! आणि लाल मिश्रणात गंधक असतंच.



आईला विचारलं, "बाबांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे?" ती भांडी पुसत राहिली. "रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय," म्हणाली. म्हणजे माहीत आहे.

सोमवार, ११ मार्च

सांगितलं. बाबांना समोर बसवून, मालकांना. पाठीमागून सांगायचं नव्हतं.

मालक आधी हसले. मी ज्योतीची परीक्षा त्यांच्यासमोर पुन्हा घेतली. चारपैकी तीन चुकले. मालकांचं हसू मावळलं. बाबांनी शेडच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एक खाली पडली, ती वाकून उचलली आणि तीही ठेवली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "घरी सांगितलं असतंस तर चाललं नसतं?"

"घरी सांगितलं असतं तर उद्या तुम्ही पुन्हा शेडमध्ये असता."

घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालले.

मालकांनी काकूंना निरोप धाडलाय — परत या.

मंगळवार, १२ मार्च

अबोला. मीठ हवं असलं तरी आईकडे मागतात. मीठ माझ्याच हाताशी असतं.

गुरुवार, १४ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, दोन-तीन वर्षं तरी झाली असावीत. बाबा म्हणाले, "असेल." मला वाटलं होतं, खरं ठरल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं.

शुक्रवार, १५ मार्च

काकू कामावर आल्या. मी माफी मागायला शेडमध्ये गेले. त्या चाळणी झटकत होत्या.

"माफी कसली मागतेस? दोन वर्षं मीच बरोबर गोणी त्यांच्या हाताशी सरकवायचे. चाचणीचा माल मिसळताना मुद्दाम गप्प बसले, आळही घेतला — मी घरी बसले की त्यांच्या चुका झाकायला कुणी उरणार नव्हतं. काळ्या पट्टीची गोणी यायच्या आत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. लाल-हिरव्यात नुसता रंग चुकतो गं, माणूस जात नाही."

"मग मालकांना सरळ का नाही सांगितलंत?"

"चाळणीवालीचं कोण ऐकतं? तुला सांगायचं तर बाप तुझा. म्हटलं, तू तपासशील तेव्हा तुझं तुलाच कळू दे."