दुसरं ठिकाण

१ जून, रविवार

घेतलं आम्हाला!

ग्रुपचं नाव ‘कोरडे पाय’. बंगळूरच्या बेळ्ळंदूरमधली काही मराठी कुटुंबं — मागच्या मोठ्या पुरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून घराबाहेर पडलेली. पुन्हा वेळ आली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, म्हणून ही तयारी. प्रत्येकाची पाठपिशवी भरलेली, महिन्यातून एक सराव. अवधूत चालवतो. पुण्याचा. त्याला सगळं आधीच माहीत असतं.

त्याच्याच घरी आमची तपासणी झाली. सुहासची पिशवी त्याने सगळ्यांसमोर गालिच्यावर उलटी केली. इस्त्रीचे शर्ट, दाढीचं सामान, गाणी ऐकायचा स्पीकर.

“लोणावळ्याला निघालात का?” — अवधूत.

“बायकोने भरून दिली नाही वाटतं!” — त्याची बायको, कस्तुरी.

सगळे हसले. सुहासही हसला. माझा नवरा स्वतःवर हसणाऱ्यांत नेहमी सामील होतो. माझी पिशवी बघून कुणी काही बोललं नाही.

मग विचारलं — दुसरं ठिकाण कुठलं? म्हणजे घर सोडावं लागलं तर जायचं कुठे. बहुतेकांचं तिथेच अडतं. सगळे भाड्याने राहणारे, आपली माणसं पुण्यात नाहीतर नागपुरात. मी म्हटलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला स्वतःचं घर आहे. बैठं, उंचावर. बोअरवेल आहे, अंगणाखाली पाण्याची टाकी आहे.

अवधूतने लगेच आमची नावं लिहून घेतली. मग चहा आला.

घर सासऱ्यांचं आहे आणि त्यांना यातलं काही माहीत नाही, हे सांगायची गरज नव्हती.

४ जून

सासऱ्यांना, आप्पांना विचारलं — घर नुसतं पडून आहे, आम्हाला वापरता येईल? जन्मभर इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, कानडी मराठीइतकीच सहज येते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे, सोळाव्या मजल्यावर. गुडघे गेलेले. बनशंकरीच्या घराच्या गेटला कुलूप, किल्ली जानव्याला. आंघोळीतही निघत नाही.

“घर पडून नाही गं अम्मा,” म्हणाले. “ठेवलंय.”

“कशासाठी?”

“ठेवलंय. स्वल्प चहा दे.”

मला अम्माच म्हणतात. इथे सगळ्याच मुलींना म्हणतात, त्यात विशेष काही नाही.

सुहासला सांगितलं, तू बोल. तो म्हणाला, तूच बोल, तुझं ऐकतात.

१७ जून

आप्पांच्या छातीचा एक्स-रे होता. अंगावर धातू चालत नाही. जानवं सोडून किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली — “जपून हं.”

समोरच किल्लीवाला बसतो. आप्पा शर्टाची बटणं लावत बाहेर आले तेव्हा त्यांची त्यांच्या हातात होती, माझी माझ्या पर्समध्ये.

२२ जून, रविवार

सरावाचे नियम ठरले. उतरू न शकणाऱ्यांचं काय, यावर सगळे घुटमळत होते. कस्तुरी म्हणे, “असं कसं कुणाला सोडायचं?” मी म्हटलं, सोडायचं नाही, थांबवायचं. सर्व्हर बंद पडायला लागले की काय आधी वाचवायचं आणि काय नंतर, हे शांतपणे ठरवून ठेवणं ऑफिसात माझं कामच आहे. माणसांना वेगळा नियम का?

मान्य झालं. जो उतरू शकत नाही त्याला रेफ्यूज मजल्यावर बसवायचं — आग लागली तर थांबायला इमारतीत मध्येच ठेवलेली उघडी जागा असते, तिथे. पाणी द्यायचं, शिट्टी द्यायची. बाकीच्यांनी खाली जायचं.

दुसरा नियमही माझाच. सरावात शिट्टी ऐकून कुणी परत वर जायचं नाही. मागच्या वेळी कुणाच्या तरी पोराने गंमत म्हणून फुंकली आणि अर्धा ग्रुप धावत वर गेला होता. परतायची एकदा सवय लागली की लागली.

आप्पांना सांगितलं. खूप हसले.

“म्हणजे मी गॅसचा सिलिंडर! मागाहून माणूस पाठवून उचलायचा!”

“तसं नाही, आप्पा.”

“तसंच आहे. सरी, सरी, ठीक आहे. बसतो.”

६ जुलै, रविवार

सराव झाला.

सकाळी नाश्त्याआधीच. लिफ्ट वापरायची नव्हती. आप्पांना दोन्ही बाजूंनी धरून रेफ्यूज मजल्यापर्यंत आणलं, त्यातच आमचा सगळा वेळ गेला. घडीचा स्टूल उघडून दिला. शिट्टी गळ्यात घातली. मी ठरलेलं बोलले — “इथे बसा. आम्ही खाली पोहोचलो की कुणीतरी येईल. काही लागलं तर तीनदा शिट्टी.”

“आणि कुणी आलं नाही तर?”

“येईल.”

“सरी.”

खाली क्लबहाउसच्या पायरीवर सगळे जमलो. कस्तुरीने इडल्या आणल्या होत्या. अवधूत एकेकाच्या पिशवीचं वजन करत होता. त्यात बराच वेळ गेला.

वरून शिट्टी आली. तीनदा.

सुहास उठला. मी म्हटलं, बस. सराव आहे. अवधूतने माझ्याकडे बघून मान हलवली.

पुन्हा तीनदा. सुहासच्या हातात इडली तशीच. मी चटणी पुढे केली.

मग एकच, लांब. मग काही नाही.

“बघ,” मी सुहासला म्हटलं, “कळलं त्यांना.”

इडल्या संपत आल्या तेव्हा जिन्याचं दार ढकललं गेलं. आप्पा. एकेका पायरीवर बसत, घसटत उतरले होते. तळहात काळे, कोपर सोललेलं.

टाळ्या! अवधूत ओरडला, “आप्पा, तुम्ही नापास! थांबवलेल्या माणसाने हलायचं नसतं!”

हशा झाला. मग आप्पा कठड्याला धरून उभे राहिले आणि पायजमा दिसला. ओला, मांड्यांपर्यंत. टाळ्या एकदम नाही थांबल्या. मागच्यांना दिसेपर्यंत ते वाजवतच होते.

कस्तुरीने ओढणी काढून त्यांच्या कमरेला गुंडाळली. सुहास जागचा हलला नाही. जमिनीकडे बघत होता.

आप्पा फक्त माझ्याशी बोलले. हळूच, ऑफिसातल्या कनिष्ठाला चूक दाखवावी तसं.

“तिथे संडास नाही गं, अम्मा. एवढंच सांगायचं होतं.”

लघवीची गोळी सकाळी मीच दिली होती. हिशेबात धरायला हवं होतं ते.

७ जुलै

अवधूतचा ग्रुपवर मेसेज — ‘घरच्याच माणसाची शिट्टी ऐकूनही जागेवरून न हलणारं एकच घर. शमिकाकडून शिका.’ खाली बरेच अंगठे.

सुहासने अंगठा दिला नाही.

९ जुलै

आप्पा घरी गेले. बनशंकरीला. ऑटो त्यांनीच बोलावला. ड्रायव्हरशी कानडीत काहीतरी बोलून दोघं मोठ्याने हसले. एवढं मोकळं हसताना इथे त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

“राहाल ना तिकडे नीट?” मी विचारलं. विचारायला हवं होतं.

“माझंच घर आहे. राहीन.”

शिट्टी गळ्यातच होती. काढायला विसरले असतील.

स्टूलही नेला. आपल्याला दुसरा घेता येईल.

१० जुलै

अवधूतला कळवलं, दुसऱ्या ठिकाणी आता कायमचा माणूस आहे. टाकी भरलेली राहील, घर झाडलेलं. तो म्हणाला, “हे तर सोन्याहून पिवळं!”

आमच्या जिन्यावरचं वजनही गेलं.

१७ ऑगस्ट

सुहास दर रविवारी बनशंकरीला जातो. मला चल म्हणत नाही. येताना त्याच्या शर्टाला फोडणीचा वास येतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

खरंच झालं.

रात्रभर पाऊस. सकाळी ग्रुपवरच्या फोटोत तळघरातल्या गाड्यांचे नुसते टप दिसत होते. वीज गेली, लिफ्ट गेली, पंप गेला, फोनही लागेनात. आम्ही पिशव्या पाठीवर टाकून उतरलो, न थांबता. रेफ्यूज मजल्यावर कबुतरं होती.

खाली लोक नुसते आरडत होते. आम्ही चौघं — अवधूत, कस्तुरी, सुहास, मी — पहिल्याच ट्रॅक्टरवर. मुख्य रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, पुढे ऑटो. बनशंकरीत रस्ता नुसता ओला. पाणी कुठेच साचलेलं नाही. अवधूत म्हणाला, “मानलं तुला!”

गेटला कुलूप. मी पर्समधून किल्ली काढली. लागेना. उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी.

“कुलूप बदललंय,” सुहास म्हणाला.

“कधी?”

“जुलैमध्येच. मीच आणून दिलं.”

अवधूत आणि कस्तुरी लगेच दुसरीकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत याने एक शब्द काढला नव्हता. किल्लीचंही त्याला माहीत होतं तर.

आप्पा बाहेर आले. पंचा नेसलेले, वर उघडे. चालणं सावकाश, पण सरळ. जानव्याला किल्ली नव्हती. तिच्या जागी शिट्टी.

गेट उघडलं. “या या. कस्तुरी, आत गरम पाणी आहे बघ, आधी पाय धू.” अवधूतच्या खांद्यावर हात ठेवला — “तुम्ही नापास नाही, घाबरू नका!” अवधूत मान खाली घालून गेला.

मी पायरी चढले तर आप्पा दारात.

व्हरांड्यात स्टूल होता. तोच. आधीच उघडून ठेवलेला.

“इथे बस, अम्मा. आतली माणसं जागेवर बसली की कुणीतरी येईल.”

मी सुहासकडे बघितलं. त्याने माझ्या पाठीवरची पिशवी उतरवली, स्वतःच्या दुसऱ्या खांद्याला लावली आणि आत गेला. पिशवी माझी. चांगली भरलेली.

आप्पांनी जानव्याची गाठ सोडली. शिट्टी माझ्या हातात ठेवली. बोटं कोमट होती.

“काही लागलं तर तीनदा.”

दार लागलं. हळूच. आपटलं नाही.

त्याच दिवशी, दुपार

आत जेवणं चालू आहेत. सुहासचं हसू ऐकू येतंय.

मला बाथरूमला जायचंय. शिट्टी अजून फुंकलेली नाही.