समोर सख्खा मामा असला तरी

तीर्थस्वरूप मारोतमामा यांस,

साकोलीहून डुलीचंदचा दोन्ही हात जोडून रामराम. (साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण आपल्याकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो. कागदावर दोघेही एकदम वाकलो तर डोकी आपटायची.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा खोकला, मामींची कंबर आणि बंटीचे लग्न, या तिन्ही जुन्या दुखण्यांना उतार पडला का ते कळवावे. गुड्डी पोळ्याला माहेरी येणार म्हणतात, ते खरे का? आईचे जेवणखाण उत्तम चालू आहे आणि माझ्या वकिलीवरचा तिचा अविश्वासही पूर्वीसारखाच ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन नेहमी मामी उचलतात आणि आधी विचारतात, जेवला का. त्या प्रश्नानंतर माझ्या तोंडून कायद्याची भाषा निघत नाही, म्हणून पत्र.

पत्रास कारण की, तसे कारण काहीच नाही. (वकिलाने असे म्हटले की समजावे, मोठे कारण आहे.) तुम्हाला ठाऊकच आहे, आडनाव गहाणे आणि धंदा वकिलीचा, म्हणजे पक्षकार पाटी वाचूनच अर्धा परत फिरतो. जे आत येतात ते झेरॉक्स कुठे मिळेल एवढे विचारून जातात. अशा माणसाच्या नशिबी एकदम एका राष्ट्रीय सभेचे जिल्हाध्यक्षपद यावे, हे मलाही पटत नव्हते. पण ते आले, आणि कसे आले ते सांगितल्याशिवाय पुढचे तुम्हाला कळणार नाही.

न्याय आणि समाजसुधारणा यांसाठी झटणाऱ्या वकिलांची एक ‘राष्ट्रीय न्यायसुधार वकील सभा’ आहे. देशभर तिच्या शाखा आहेत. पूर्वी आपल्या जिल्ह्याचीही चांगली दणकट शाखा होती. मग जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि वाटणीत सगळे झटणारे वकील तिकडे गेले. भंडाऱ्याच्या वाट्याला सभेचा एक बॅनर, सतरंजी आणि आम्ही तिघे आलो. त्यातल्या एकाला कानाने ऐकू येत नव्हते, दुसऱ्याला निवडणूक लढवायची होती. अध्यक्षाची निवड चालली तेव्हा मी खाली चहा सांगायला गेलो होतो. चहा घेऊन वर आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटले चहासाठी आहेत.

पद मिळाल्यावर मात्र मामा, माझी चाल बदलली. बायको म्हणते मी घरातसुद्धा हात मागे बांधून फिरू लागलो. तुम्ही शिवून दिलेला काळा कोट (आठवतो ना, नागपूरहून कापड आणले होते) उन्हाळ्यातही उतरवेनासा झालो. अशातच सभेचे जिल्हा अधिवेशन भंडाऱ्याला ठरले आणि दिल्लीहून सभेचे सरचिटणीस यायचे झाले. त्यामुळे भाषण हिंदीत करावे लागले. माझी हिंदी तुम्ही ऐकली आहे, मराठीला मागून ‘है’ जोडले की झाली. भाषणाचा शेवट मी असा रचला होता की प्रत्येक सभासदाने गरिबाची एक केस फी न घेता लढावी, मग समोर अमुक का असेना. आता अमुकच्या जागी कोण घालायचे? बाप म्हणावे तर बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि ते मध्येच उठून विचारतात. भाऊ मला नाही. सासरे म्हटले असते तर बायकोने संध्याकाळचा स्वयंपाक केला नसता. तुम्ही तेवढे दूर मोहाडीकडे होता, आणि हिंदीत मामा शब्द जोरात म्हणता येतो. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, “सामने मेरा सगा मामा भी खड़ा रहेंगा, तो भी मैं केस छोड़ूंगा नहीं!” टाळ्या झाल्या. सरचिटणीसांनी तर उभे राहून वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “त मंग घ्या साहेब केस. समोर तुमचा मामाच हाये.”

लोकांना वाटले ठरवून केलेले नाटक आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. बाई म्हणजे तुमच्याच गावच्या धुरपताबाई. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, पण वकिलाला माहीत असलेलेच पुन्हा सांगायची सवय असते, तेव्हा ऐकून घ्या. फाट्यावरून गावात येणारी जुनी वाट तिच्या धानाच्या बांधीजवळून जाते आणि पुढे तुमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गावात शिरते. गेल्या वर्षी तिची बांधी तुम्ही विकत मागितली. ती नाही म्हणाली. होळी झाल्यावर तुमच्या धुऱ्यावर बोरीच्या काट्यांचे कुंपण उभे राहिले. (ते आपोआप उगवले असे बंटीचे म्हणणे आहे.) फाट्याकडून माणूस चालत येईल, पण मध्ये नहराचा पाट आहे, त्यावरून बैल जात नाही आणि ट्रॅक्टर तर नाहीच. म्हणजे चिखलणी नाही, चिखलणी नाही म्हणजे रोवणी नाही. धानाच्या रोपांचे परहे तयार होत आले आहेत. या पंधरवड्यात ते रोवले गेले नाहीत तर तिचे वर्ष गेले, आणि मग ती बांधी आपसूक विकायला निघेल. तिचा नवरा तेजराम नागपूरला बांधकामावर असतो, शेती ही बाई एकटी बघते. मामा, खरे सांगू? हे ऐकताना मला आधी तिच्या परह्यांची काळजी वाटली नाही, माझ्या भाषणाची वाटली. याची मला लाज वाटते, आणि तुमचीही थोडी वाटली. लिहून टाकतो, समोर बोलता येणार नाही.

मग मी त्यातून सुटायच्या खटपटीला लागलो. केस दुसऱ्या सभासदाला द्यावी म्हटले, तर ऐकू न येणाऱ्या वकीलसाहेबांना त्या दिवशी अगदीच ऐकू आले नाही आणि निवडणूकवाल्यांनी तुमच्या गावातली मते मोजून हात जोडले. तेवढ्यात सरचिटणीसांनी दिल्लीहून सभेचे मासिक पाठवले. त्यात माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘भंडारा का आदर्श भांजा’. बाजूला आणखी एक ओळ होती की असे अधिवक्ता प्रत्येक जिल्ह्यात हवेत. ते मासिक बायकोने फ्रिजवर ठेवले आहे. दूध काढताना रोज आदर्श भाचा दिसतो. कायदाही कसा बघा, अशा वाटांसाठी जो आहे त्याचे नाव मामलेदार न्यायालय अधिनियम. म्हणजे पहिल्या शब्दापासूनच तुम्ही त्यात आहात.

शेवटी एक युक्ती काढली. धुरपताबाईंना साकोलीला नेमके अशा दिवशी बोलावले, जेव्हा मी लाखनीला असणार होतो. वाटले, हेलपाटा पडला की बाई कंटाळेल. मी परत आलो तर बाई ओट्यावर आईबरोबर मुरमुरे खात बसलेल्या. दोघींची ओळख निघाली होती. आई तुमच्या गावची लेक, धुरपताबाई तिथली सून, आणि तिची सासू आईच्या लहानपणी तुमच्याच बांधीत रोवणीला यायची. आई मला आत नेऊन म्हणाली, “तिच्या सासूले आमी वरूनच पानी वाढत होतो. तवा मले काई वाटलं नाही. आता वाटते.” एवढे बोलून ती पुन्हा बाहेर जाऊन बसली. माझी युक्ती तिथेच संपली.

मग कर्तव्य म्हणून जागेची पाहणी करायला निघालो. तुमची भेट टाळायची म्हणून भर दुपारी फाट्यावर उतरलो (तुम्ही जेवून आडवे होता त्या वेळी). वकील ओळखू यावा म्हणून कोट घातला, आणि धुऱ्यावरचा चिखल ओळखू आला नाही म्हणून खाली तुमच्या बांधीत गेलो. एक पाय निघाला की दुसरा आत जायचा. तेवढ्यात बंटी ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला आला आणि त्याला बांधीत काळा कोट दिसला. आधी त्याला अस्वल वाटले. मग त्याने ओढून काढले आणि सरळ घरी आणले. पुढचा प्रसंग तुम्ही विसरला असाल, मी विसरणार नाही. भाचा न कळवता आला म्हणून तुम्ही घाईघाईने उठलात, पाटावर बसवलेत, माझ्या पायांचा चिखल स्वतः धुतलात आणि मग त्याच पायांवर डोके ठेवलेत. दारात जमलेल्यांना सांगितलेत, “आमचा भाचा दिल्लीच्या सभेचा अध्यक्ष हाये.” मामींनी कोचईच्या पानांच्या वड्या तळल्या. मी चौथ्यांदा नको म्हणेपर्यंत खाल्ल्या. त्या वेळी कोटाच्या खिशात तुमच्या नावाची नोटीस होती. मामींनी कोट धुवायला घेतला आणि नोटिशीचा लगदा हातात घेऊन विचारले, कामाचा कागद होता का. मी नाही म्हणालो. अधिवेशनात मूठ आपटणारा जो गृहस्थ होता, तो कुठल्या एसटीने निघून गेला होता कोण जाणे.

तेव्हा मामा, या सगळ्यातून तुम्हाला एवढेच कळावे की भाच्याचे बरे चालले आहे. तुम्ही दुपारचे झोपता ते चांगलेच आहे, तब्येतीला जपावे. मामींना नमस्कार, बंटीला ट्रॅक्टरबद्दल धन्यवाद, आणि तो अस्वल म्हणाला ते मी मनावर घेतलेले नाही.

तुम्ही धुतलेल्या पायांचा हिशेब मनात ठेवून असलेला,
आपला भाचा
डुलीचंद

ता. क. : कामाचा कागद होता. त्याची कोरडी प्रत सोबत पाठवली आहे. मोहाडीच्या तहसील कार्यालयात अर्जही लागला असून पुढच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. समन्स घेऊन कोतवाल येईल. त्याला मामींनी जेवू घालून परत पाठवू नये, आधी सही करावी आणि मग जेवू घालावे. वकील करायचा झाल्यास मला विचारू नका, मी समोरच्याकडून आहे.

ता. क. दुसरे : खरे तर हे पत्र मी वेगळ्याच विनंतीसाठी लिहायला घेतले होते. तारखेआधी तुम्ही गुपचूप काटे काढावेत, मी अर्ज मागे घ्यावा, दिल्लीला कळवावे की तडजोड झाली, आणि आपण दोघेही आदर्श राहावे. धुरपताबाईंना हे सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, “मामानं भाच्यासाटी वाट सोडली, त भाच्याचा मान रायला. माही वाट कोठी रायली? उद्या बंटीचं मन फिरलं त मी कोनाच्या भाच्याले धरू?” तसे पाहिले तर मी तिचाच वकील आहे. म्हणून विनंती बदलतो. काटे आजच काढा, रोवणी थांबत नाही. पण तारखेलाही या, आणि वाट जुनी आहे हे तहसीलदारांपुढे तुमच्या तोंडाने सांगून कागदावर येऊ द्या. माझ्यासाठी करू नका. मी त्या लायकीचा नाही हे वर पुरेसे लिहिले आहे.

ता. क. शेवटचे : तुम्ही नाही म्हणालात तर वाट जुनी असल्याची साक्ष लागेल. साक्षीदारांत पहिले नाव चंद्रभागाबाई, म्हणजे तुमची थोरली बहीण, म्हणजे आमची आई. मी तिला खूप समजावले की सख्ख्या भावाविरुद्ध उभे राहणे बरे दिसत नाही. ती म्हणाली, भाषणात तू काय म्हणाला होतास ते परत म्हणून दाखव. मी कागद पुढे ओढला. तिने खालच्या ओळी मला शब्दाला शब्द लिहायला लावल्या आहेत, माझ्यावर विश्वास नसल्याने दोनदा वाचूनही घेतल्या :

“मारोती, सोमवारी साक्ष देतो मी, अन् जेवाले तुयाच घरी येतो. मोटारीतून फाट्यावर उतरीन. तुले कडेवर घेऊन ज्या वाटेनं येत होतो, त्याच वाटेनं येतो. आता काटे ओलांडनं माह्यानं होत नाही, ते तू उचलून ठेव.”