व्याह्याले भेव वाटू नये म्हणून

नंदनवन, नागपूर
मंगळवार

तीर्थरूप रुपरावदादांच्या पायाशी धाकट्या सुशीलचा दंडवत.

इकडं सारे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनीचा खोकला थांबला का, संत्र्याले पाणी पुरून राहिलं का, ते कळवा. (मागच्या पत्राचं उत्तर आलं नाई. मी मनावर घेतलं नाई. घेतलं असतं तरी तोंडावरून समजलं नसतं, ते नेहमी तसंच दिसते.)

आपल्या पोरीचं, उत्तराचं, साहिल नावाच्या पोराशी जमलं आहे. दोघं एकाच हापिसात, पसंती त्याईनंच उरकली. राहिला साहिलचा बाप, भैय्याजी. माणूस देव, पण उंचीनं माझ्या छातीपर्यंत. पहिल्यांदा आले तवा मी दार उघडलं, खाली पाहून या म्हटलं, तर ते म्हणे, माफ करा, चुकीच्या घरी आलो. कसंबसं आत बसवलं, तर आलूपोहे अर्धे टाकून गेले. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाई. मले लय वाईट वाटलं, दादा.

मग उत्तरानं मले आरशापुढं उभं केलं. म्हणे, बाबा, तुमी उंच, म्हणून साऱ्याईकडं खाली पाहता. मान खाली गेली का भिवया नाकाकडं उतरतात, अन् समोरच्याले वाटते आता मार पडते. चेहरा तोच, मान जराशी वर करा, गरीब दिसता. (खरंच दिसलो. इतवारीच्या आपल्या भांड्याच्या दुकानात गिऱ्हाईक भाव काहून करत नाईत, ते तीस वर्षांनी समजलं. मी समजून राहिलो होतो का माल चांगला आहे.)

म्हणून दुसऱ्या खेपेले पाहुणे सोफ्यावर अन् मी खाली पाटावर, म्हणजे मले वर पाहावं लागन. पण भैय्याजी पडले रीतीचे माणूस. मुलीचा बाप खाली अन् आपण वर, हे त्याईले बरं वाटलं नाई. ते सतरंजीवर उतरले, मागून साहिल, त्याची आई, सारेच. सोफा मोकळा, अन् मी पुन्हा खाली पाहून राहिलो. घाईघाईत मान वर केली तर नजर पंख्यावर गेली. भैय्याजीनंही पंख्याकडं पाहिलं अन् जरा सरकले. मी वर पाहत राहिलो, ते सरकत राहिले, असे दारापाशी पोचले. तिथूनच "कळवतो" म्हणाले.

बाकी सारं ठीक. वंदनाचा वहिनीले नमस्कार.

तुमचा,
सुशील

ता. क. साहिलनं बापाले कसंबसं तयार केलं. येत्या रविवारी शेवटची खेप.

आणखी एक. तुमी शनिवारीच खाप्याहून निघा. बाबाच्या भिवयांचा मोठा वाटा तुमच्याकडं गेला, उंचीही चार बोटं जास्त. माझ्या बाजूले बसा अन् भैय्याजीकडं नुसतं पाहा. तुमच्यापासून वाचवणारा मीच, असं त्याईले वाटलं पायजे. पोरीसाठी एवढं करा, दादा.

अन् हसू नका. वंदनाच्या भावाच्या लग्नात तुमी हसले, तवा बँडवाले वाजवायचे थांबले होते.