"येते" म्हणाले होते

हुबळी

प्रिय अप्पा,
ख्रिस्तात सलाम.

मी बरी आहे. तुमचा खोकला थांबला का? अक्का काढा देते ना?

इथल्या चर्चची मंडळीही तिकडच्यासारखीच दर रविवारी हरवलेल्या मेंढरांसाठी प्रार्थना करते. पाळकांनी मला उणकलच्या लक्कव्वांकडे पाठवलं. म्हाताऱ्या, एकट्या, चर्चला येणं सुटलेलं. मी घाईघाईत प्रार्थना उरकली आणि निघताना सवयीनं "येते हं" म्हणाले. "जाते" म्हणायचं नाही, हे तुमचंच वळण.

त्यानंतर थेट काल गेले, दोन महिन्यांनी. शेजारीण म्हणाली, "तू येते म्हणालीस म्हणून रोज दारात बसतात."

लक्कव्वा रागावल्या नाहीत. हात धरून काळजीनं विचारलं, "वाट चुकली होतीस काय ग, बाळ?"

अप्पा, मी हो म्हणाले.

रविवारी प्रार्थनेत माझंही नाव घ्या.

तुमची,
विनया