गांजासाठी विझवलेला कंदील

आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विझू द्यायचा नाही, गेलेली माणसं त्याच्या उजेडानं घर शोधत येतात, असं तू सांगितलंस आणि मी ऐकलं. देश सुटला तरी ऐकलं. दर दिवाळीला टांगला, रात्ररात्र जळता ठेवला. तू एकदाही आली नाहीस. आली असतीस तर मला कळलं असतं, आल्या आल्या माझ्या ओट्याला नावं ठेवली असतीस. आणि यंदा त्याच उजेडापायी आमच्या ह्यांचं औषध फुलायचं थांबलं. ही तक्रार आधी. आई, बरी आहेस का हे विचारत नाही, तुला आता काय होणार! चौथीतून काढून म्हशीमागं धाडलंस, तेव्हा अक्षर असंच असणार, ते गोड मानून घे.

औषध म्हणजे गांजा. तोंड वाकडं करू नकोस. इथं सॅन डिएगोला मागच्या अंगणात, कुंपणाआड, थोडी झाडं लावायला कायद्याची ना नाही. गेल्या वर्षी ह्यांना नागीण झाली. फोड गेले, पण बरगडीखालची आग राहिली ती राहिलीच. सदऱ्याचं कापड घासलं तरी माणूस कळवळतो, आडवं म्हणून होता येत नाही, खुर्चीत बसून डुलक्या काढतो. गोळ्यांनी घेरी येते, एकदा बाथरूममध्ये पडले. डॉक्टरीण म्हणाली, गांजाचं तेल थोडं घेऊन बघा, कुणाकुणाला उतार पडतो. दुकानात राजरोस मिळतं, पण हे दुकानाच्या दारातून माघारी आले. का, तर "मंडळातलं कुणी भेटलं तर काय सांगू?" मी म्हटलं, "तो तिथं कशाला आला होता, ते त्याला विचारायचं." पण नाही. मग नातीनं मनावर घेतलं. ती इथंच जन्मलेली, रोपांच्या नर्सरीत कामाला आहे. माझा लेक अजून लोकांना सांगतो की ती 'बायोलॉजीत' आहे. तिनं कुंड्या आणल्या, माती कालवली, आणि आजोबांना सांगितलं, "आबा, घरचं आहे, आता लाजायचं नाही."

लावली तीही उन्हाळा सरताना. मी म्हटलं, अगं, पुढं हिवाळा, पाचाच्या आत इथं दिवस मावळतो, ही वाढणार कधी? ती म्हणाली, "आजी, मोठी नाही होणार. पण डे शॉर्ट झाला की ती फ्लॉवर करते. तिला लाँग नाइट पाहिजे." झालंही तसंच. झाडं कमरेलासुद्धा लागेनात, पण तुरे धरले. पांढरे केस सुटल्यासारखे, वास असा की शेजारचं कुत्रं शिंकायचं. हे रोज सकाळी शाल पांघरून त्यांच्यापाशी जाऊन उभे राहायचे. म्हाताऱ्याला बऱ्याच महिन्यांनी कशाची तरी वाट बघताना मी बघितलं. आणि दिवाळी आली. पुढच्या दाराला काही टांगलेलं कॉलनीच्या कमिटीला खपत नाही, म्हणून मी कंदील मागं बांधला, बरोबर कुंड्यांच्या डोक्यावर. मोठा बल्ब घातला. तुझी दृष्टी अधू होती ना शेवटी.

तुळशीचं लग्न लागलं तोवर तुऱ्यांच्या पोटातून परत पानं फुटायला लागली, एकेरी, वेडीवाकडी. नात वाकून बघते, मग वर कंदिलाकडं बघते, मग माझ्याकडं. "आजी! हा ऑल नाइट ऑन असतो?" "मग काय, दिवाळीचा कंदील काय तासावर लावायचा?" "आजी, झाडाला रात्रच नाही मिळाली. तिला वाटलं समर आला. प्लीज ऑफ कर ना." मी म्हटलं, "तुझ्या झाडाला झोप यावी म्हणून माझ्या आईनं अंधारात चाचपडत यायचं?" ती म्हणाली, "तुझी आई अमेरिकेपर्यंत येते, तर बॅकयार्ड नाही सापडणार?" हे मागं उभे होते. एवढंच म्हणाले, "राहू दे गं. दर वर्षीचा कंदील आहे तिचा." आणि बरगडीवर हात धरून आत गेले. हेच मला सोसत नाही. भांडले असते तर मी जिंकले असते.

ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते आणि एकदम आपलं परस डोळ्यांपुढं आलं. गोठ्यामागं बाबांचं एक झाड असायचं. एकादशीला भजनाच्या मंडळीत चिलीम फिरायची, तेवढ्यापुरतं. तू कंदील बांधायचीस, कामट्या न् पतंगी कागद, आणि टांगायचीस गोठ्याच्या वळचणीला, कारण मसणवट त्या अंगाला, माणसं तिकडूनच येणार. दिवाळी होऊन गेलीय, संध्याकाळ आहे, बाबा पाटावर चढून कंदील उतरवतायत. तू चुलीपुढून फुंकणी घेऊन येतेस. "काय हो, मेलेल्यांची वाट बंद करता? तुमची आई यायची नाही का घरी?" शेजारीण कुडावरून विचारते, "काय झालं हो, दादा?" बाबा तोंड उघडतात, आणि तूच सांगतेस, "काही नाही, अक्कल गहाण पडलीय." आपल्या घरात बाबांना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तूच द्यायचीस. चहा घेणार का, तर त्यांना नको. बरं वाटतंय का, तर त्यांना काय धाड भरलीय. बाबा खाली उतरले, कंदील वर गेला. पुढं तू ते झाड उपटून उकिरड्यावर फेकलंस. "नुसता पाला," म्हणालीस, "ना तुरा ना काही, याच्याच्यानं तेवढंही होत नाही." बाबा उकिरड्याकडं बघत उभे होते. मी तुझ्याच बाजूनं हसले होते. तेव्हा सगळी तुझ्याच बाजूनं असायची.

मेथी तशीच टाकली आणि जाऊन कंदिलाची वायर उपटली. पौर्णिमा यायची होती अजून. यायची असेल तर मेलेल्या माणसानं अंधारात यावं, त्याला कुठं ठेच लागते. जिता माणूस खुर्चीत बसून रात्री काढतोय, त्याचा नंबर आधी. मला याचं वाईट वाटत नाही, वाटेल अशी वाट बघू नकोस. नात म्हणाली होती, सुधारतील की नाही, गॅरंटी नाही. सुधारलीत. वेडी पानं थांबली, तुरे परत पांढरे झालेत, बारीक आहेत पण दाटलेत. हे परत शाल घेऊन जायला लागलेत. तेल व्हायचंय, त्यानं आग कितपत विझते ते देव जाणे. पण ते मी करणार, साजूक तुपाच्या कढईजवळ न नेता, वेगळ्या भांड्यात.

हे पत्र कंदिलाच्या खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवतेय, पोस्टाला तुझा पत्ता ठाऊक नाही. एक सांगते, चढून जाऊ नकोस. वायर उपटली त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत मागच्या दाराला मी कडी घातली नव्हती.

आता एकच विचारायचंय. बाबा, त्या संध्याकाळी कंदील झाडासाठीच उतरवत होतात ना? याचं उत्तर बाबांनी द्यायचं. तू मध्ये बोलायचं नाहीस.